पायांवरच्या बारीक निळ्या शिरा: इंजेक्शन घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

"डॉक्टर, तीन आठवड्यांवर घरात लग्न आहे. तोवर पाय स्वच्छ दिसतील ना?" मांडीवरच्या किंवा गुडघ्यामागच्या निळ्या-लाल जाळीसाठी येणाऱ्या रुग्णांकडून हा प्रश्न मी नेहमी ऐकते. त्यांचा हिरमोड होतो, पण उत्तर 'नाही' असेच द्यावे लागते. आज इंजेक्शन घेतले तर तीन आठवड्यांनी पाय आजच्यापेक्षा खराब दिसण्याचीच शक्यता जास्त असते. शिरा तेव्हा विरत असतात, पण त्यांच्या जागी काळेनिळे आणि तपकिरी ठिपके असतात.

शिरेत औषध टोचून ती बंद करण्याच्या या उपचाराला स्क्लेरोथेरपी म्हणतात. तो जुना आहे, चांगला आहे आणि पायांवरच्या बारीक शिरांसाठी आजही पहिल्या पसंतीचा आहे. मात्र तो सावकाश काम करतो, एका बैठकीत क्वचितच संपतो आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर काही महिने डाग ठेवून जाऊ शकतो. शिवाय काही जणांच्या पायावर दिसणारी जाळी ही आत बिघडलेल्या मोठ्या शिरेची खूण असते. तिथे नुसती जाळी टोचून फारसे काही साधत नाही. हे समजून निर्णय घेणारे रुग्ण बहुधा समाधानी असतात. घाईने घेणारे महिन्याभराने "याहून आधीच बरं होतं" म्हणत परत येतात.

या शिरा नेमक्या काय असतात?

पायातले रक्त हृदयाकडे वर नेण्याचे काम शिरा करतात. चालताना पोटरीचे स्नायू त्यांना दाबतात आणि रक्त वर ढकलले जाते. शिरांच्या आतल्या झडपा ते रक्त पुन्हा खाली येऊ देत नाहीत. शिरेची भिंत सैल पडली किंवा झडपा नीट मिटेनाशा झाल्या की रक्त साचते आणि शीर रुंदावते.

एक मिलिमीटरहूनही बारीक, लाल किंवा जांभळ्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या शिरांना स्पायडर व्हेन्स म्हणतात. त्यांच्या आसपास त्वचेखाली निळसर-हिरवट, हाताला न लागणाऱ्या, एक ते तीन मिलिमीटर रुंदीच्या शिरा दिसतात. त्या रेटिक्युलर शिरा, आणि बऱ्याचदा जाळीला रक्त पुरवणाऱ्या त्याच असतात. तीन मिलिमीटर किंवा त्याहून जाड, उभे राहिल्यावर दोरीसारख्या फुगणाऱ्या, वेड्यावाकड्या शिरा म्हणजे व्हेरिकोज व्हेन्स. त्यांचा उपचार बराच वेगळा आहे. हा लेख पहिल्या दोन प्रकारांविषयी आहे.

आई-आजीच्या पायावर अशा शिरा असतील तर तुमच्या पायावर येण्याची शक्यता वाढते. स्त्रियांमध्ये हार्मोन्समुळे आणि गरोदरपणामुळे त्या जास्त दिसतात. वाढते वय, वाढते वजन आणि तासन्‌तास उभे राहण्याचे काम यांचाही हातभार लागतो. शिक्षिका, परिचारिका, बसकंडक्टर, सलूनमध्ये काम करणाऱ्या, दिवसभर ओट्यापाशी उभ्या असणाऱ्या गृहिणी असे सगळे माझ्याकडे येतात. पायावर पाय टाकून बसल्याने शिरा येतात हे मात्र सिद्ध झालेले नाही, त्यामुळे सासूबाईंनी तसे सांगितले असेल तर मनाला लावून घेऊ नका. "रक्त खराब झालंय" हाही गैरसमजच. दोष रक्तात नसून शिरेच्या भिंतीत असतो.

गरोदरपणात उमटलेल्या शिरांपैकी बऱ्याच शिरा बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत आपोआप फिक्या पडतात. म्हणून बाळ लहान असताना आलेल्या मातांना मी थांबायलाच सांगते.

टोचण्याआधी मागे काय आहे ते पाहा

बहुतेकांच्या पायावरच्या बारीक शिरा निरुपद्रवी असतात. त्या फुटून रक्तस्राव होईल किंवा त्यातून गुठळी हृदयात जाईल अशी भीती घेऊन रुग्ण येतात, पण एवढ्या बारीक जाळीमुळे असे सहसा होत नाही. उपचार न घेणे हाही तितकाच योग्य पर्याय आहे, आणि "दिसण्यापलीकडे काही त्रास नसेल तर राहू द्या" हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगायला हवे.

काही खुणा असतील तर मात्र आधी शोध घ्यावा लागतो. सगळ्यांत दुर्लक्षित खूण म्हणजे घोट्याच्या आतल्या बाजूला, पाऊल सुरू होते तिथे, पंख्यासारखी पसरलेली बारीक निळ्या शिरांची झालर. वैद्यकात तिला कोरोना फ्लेबेक्टॅटिका म्हणतात. दिसायला ती मांडीवरच्या जाळीसारखीच असते, पण अर्थ वेगळा असतो. आतल्या शिरांमधला दाब बराच काळ वाढलेला असल्याची ती खूण आहे. म्हणूनच शिरांच्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात २०२० साली सुधारणा झाली तेव्हा तिला साध्या स्पायडर व्हेन्सच्या गटात न ठेवता त्वचेवर परिणाम झालेल्या पायांच्या गटात घालण्यात आले. ही झालर असलेल्या पायावर पुढे जखम होण्याचा धोका अधिक असतो. ती 'कॉस्मेटिक' समजून कोणी टोचायला निघाले तर थांबवा आणि पूर्ण तपासणी करून घ्या.

याशिवाय संध्याकाळी पाय भरून येणे, मोज्याच्या जागी खोल वळ उठणे, एकाच पायाला सूज, घोट्याजवळची त्वचा काळवंडणे, तिथे सतत खाज किंवा न भरणारी जखम, सोबत फुगलेल्या दोरीसारख्या शिरा, पूर्वी पायात गुठळी झालेली असणे, यांपैकी काहीही असेल तर कलर डॉप्लर सोनोग्राफी हवी.

ही तपासणी कशी केली यालाही महत्त्व आहे. झडपांची गळती पाहायची तर रुग्णाला उभे करून, पोटरी दाबून सोडून, रक्त उलटे किती वेळ वाहते ते मोजतात. वरवरच्या शिरांमध्ये ते अर्ध्या सेकंदाहून जास्त वाहिले तर गळती धरली जाते. नुसते आडवे झोपवून केलेल्या तपासणीत ही गळती निसटू शकते. अनेक रुग्ण जो रिपोर्ट आणतात त्यात 'डीव्हीटी नाही' एवढेच लिहिलेले असते. म्हणजे खोल शिरांत गुठळी नाही. ती चांगलीच बातमी आहे, पण तुमच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. सॅफिनस शिरेत, म्हणजे मांडीच्या आतून खाली जाणाऱ्या आणि पोटरीमागच्या वरवरच्या मोठ्या शिरांत, उलटा प्रवाह आहे का, हे रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलेले असावे. तपासणीची वेळ घेतानाच "उभं राहून झडपा तपासायच्या आहेत" असे सांगून ठेवा.

गळती सापडली तर आधी त्या मोठ्या शिरेचा उपचार होतो. आजकाल तो बहुधा लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने, मोठी चीर न देता करतात. वरच्या जाळीचा विचार नंतर. नळ गळत असताना भिंतीची ओल रंगवून काढण्यात अर्थ नसतो, तसेच हे.

उलट बाजूही सांगायला हवी. गुडघ्याच्या आतल्या बाजूला जाळी आणि त्याच गुडघ्यात दुखणे असे दोन्ही असले की रुग्ण त्यांची सांगड घालतात. जिना चढताना दुखणारा गुडघा बहुधा सांध्याच्या झिजेमुळे दुखत असतो. कंबरेपासून पायात उतरणारी कळही शिरांची नसते. इंजेक्शनने जाळी जाईल, दुखणे तसेच राहील.

औषध आत जाऊन काय करते?

सर्वाधिक वापरली जाणारी औषधे दोन: पॉलिडोकॅनॉल आणि सोडियम टेट्राडेसिल सल्फेट. दोन्ही साबणासारखी काम करतात. शिरेच्या आतल्या नाजूक अस्तरावर ती पोचली की अस्तराच्या पेशी नष्ट होतात, भिंती एकमेकींना चिकटतात, शीर बंद होते आणि शरीर तिला हळूहळू शोषून घेते. पॉलिडोकॅनॉल हे मुळात जागेवर भूल देणारे औषध म्हणून तयार झाले होते, त्यामुळे ते टोचताना फारसे दुखत नाही. मिठाचे तीव्र द्रावण काही ठिकाणी अजून वापरतात. त्याने ॲलर्जी होत नाही, पण आग होते आणि पायात गोळा येऊ शकतो.

औषधाची तीव्रता शिरेच्या जाडीनुसार बदलावी लागते, आणि इथेच अनुभव कामी येतो. स्पायडर व्हेन्ससाठी पॉलिडोकॅनॉल साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून सौम्य, तर टेट्राडेसिल ०.१ ते ०.३ टक्के वापरतात. आपल्याकडे ही औषधे बऱ्याचदा ३ टक्के तीव्रतेच्या ॲम्प्यूलमध्ये मिळतात आणि पातळ करून घ्यावी लागतात. जाड शिरेचे औषध बारीक शिरेत गेले तर शिरेसोबत आजूबाजूची त्वचाही दुखावते. "कोणतं औषध, किती टक्के?" असे विचारायला संकोचू नका. ज्यांनी नीट विचार केला आहे त्या डॉक्टरांना हे सांगायला एक मिनिटही लागत नाही.

थोड्या जाड शिरांसाठी तेच औषध हवेत घुसळून फेस बनवून देतात. फेस रक्ताला बाजूला सारतो आणि भिंतीला जास्त वेळ लागून राहतो. दोन सिरिंज जोडून असा फेस बनवण्याची इटलीच्या डॉ. लॉरेन्झो तेसारी यांची पद्धत २००० सालाच्या सुमाराची, आणि आता जगभर तीच चालते. अगदी बारीक जाळीसाठी मात्र पातळ द्रावणच बरे.

"शिरा बंद केल्या तर रक्त जाणार कुठून?" हे जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. पायातले बहुतांश रक्त स्नायूंच्या आत असलेल्या खोल शिरांतून वर जाते. त्वचेवरच्या या रुंदावलेल्या बारीक शिरांचा त्यात वाटा नगण्य आहे. त्या गेल्याने पायाचे काही अडत नाही.

इंजेक्शनच्या दिवशी

पायांना तेल किंवा लोशन लावू नका, आदल्या दिवशी वॅक्सिंग नको. उपाशी यायची गरज नाही, उलट थोडे खाऊन या. सैल सलवार किंवा पायजमा घाला, कारण जाताना आत घट्ट मोजे असतील. आधी दोन्ही पायांचे फोटो काढून घ्या. दोन महिन्यांनी "काहीच फरक नाही" असे वाटते तेव्हा हेच फोटो खरे काय ते सांगतात.

तुम्हाला आडवे झोपवले जाते. सुई इन्सुलिनच्या सुईसारखी किंवा त्याहून बारीक असते. भिंग लावून डॉक्टर आधी पुरवठा करणाऱ्या निळ्या शिरा आणि मग जाळी टोचतात. एका बैठकीत बऱ्याच वेळा सुई टोचावी लागते, पण मुंगी चावल्यासारखे वाटते, भूल लागत नाही. टोचलेल्या जागी लगेच गांधी उठतात आणि खाज सुटते. तासा-दोन तासांत ती कमी होते. एका ठिकाणी टोचताना अचानक खूप आग झाली किंवा त्वचा पांढरीफटक पडलेली दिसली तर लगेच बोला, सहन करत राहू नका. औषध शिरेबाहेर किंवा बारीक रोहिणीत जात असेल तर तिथेच थांबता येते.

औषधाची एका दिवसाची कमाल मात्रा वजनानुसार ठरलेली असते. त्यामुळे "आज आलेच आहे तर दोन्ही पाय पूर्ण करून टाका" हा आग्रह प्रत्येक वेळी मानता येत नाही. संपल्यावर मोजे चढवून लगेच पंधरा-वीस मिनिटे चालायला सांगतात. त्यानंतर घरी जाता येते. गुठळी होऊ नये म्हणून हे चालणे महत्त्वाचे आहे, तेव्हा बाहेर रिक्षा उभी असली तरी एक फेरी मारूनच बसा.

त्यानंतरचे आठवडे

पहिल्या आठवड्यात पाय लाल, काळानिळा, किंचित सुजलेला दिसतो. रोजची कामे, नोकरी, चालणे सुरू ठेवा. खूप गरम पाण्याने अंघोळ, पायांची मालिश, जिममध्ये जड वजने उचलणे हे आठवडाभर तरी बंद. जवळपास दिवाळी असेल तर अभ्यंग या पायांपुरते या वर्षी सोडा. डाग असेपर्यंत पायांवर ऊन घेऊ नका. रात्रभराचा बसप्रवास किंवा लांबचे विमान पहिले दोन ते चार आठवडे टाळलेले चांगले. मुलाकडे परदेशी जायचे तिकीट काढलेले असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.

दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात काही शिरांच्या जागी कडक, दुखरी, निळसर-काळी रेघ किंवा गाठ लागते. बंद झालेल्या शिरेत अडकलेले ते जुने रक्त असते. ही गाठ म्हणजे फुप्फुसात जाणारी धोकादायक गुठळी नव्हे. दवाखान्यात बारीक सुईने टोचा मारून ते रक्त दाबून काढता येते. त्याने दुखणे लगेच कमी होते आणि पुढे पडणारा डागही हलका राहतो. याच कारणासाठी दोन-तीन आठवड्यांनी दाखवायला बोलावतात. "बरं वाटतंय, कशाला जायचं" म्हणून ही फेरी चुकवू नका. घरी सुई घेऊन प्रयोग तर अजिबात नको.

स्पायडर व्हेन्स फिक्या व्हायला तीन ते सहा आठवडे लागतात, निळ्या रेटिक्युलर शिरांना तीन-चार महिनेही लागू शकतात. पुढची बैठक साधारण चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने. बहुतेकांना दोन ते चार बैठका लागतात आणि शेवटीही प्रत्येक रेघ जातेच असे नाही. बहुतांश शिरा बऱ्यापैकी फिक्या होणे, हे यश समजावे.

तपकिरी डाग: आपल्या त्वचेचा प्रश्न

उपचाराविषयीची माहिती बरीचशी गोऱ्या कातडीच्या लोकांवरून आलेली आहे. आपल्याकडे याच मुद्द्यावर जास्त बोलायला हवे.

शीर बंद होताना थोडे रक्त बाहेर झिरपते. त्यातले लोह त्वचेत उरते आणि शिरेच्या मार्गावर गंजासारखी तपकिरी रेघ दिसते. निरनिराळ्या अभ्यासांत शंभरातल्या साधारण १० ते ३० जणांमध्ये असे डाग आढळले आहेत. बहुतेक डाग सहा ते बारा महिन्यांत मावळतात, वर्षभरानंतरही टिकणारे फार थोडे. सावळ्या त्वचेत सुजेमुळे मेलॅनिनचा काळसरपणाही त्यात मिसळतो, त्यामुळे डाग अधिक गडद दिसू शकतो. लोहाचा डाग त्वचा उजळवणाऱ्या क्रीमने जात नाही, कारण ती क्रीम मेलॅनिनवर काम करतात. अशा क्रीमवर पैसे घालवून, वर त्यातल्या स्टेरॉइडने कातडी पातळ करून घेतलेले रुग्ण मी पाहिले आहेत. इथे वाट पाहणे हाच मुख्य उपाय.

सौम्य तीव्रतेचे औषध, हलक्या हाताने टोचणे, अडकलेले रक्त वेळेवर काढणे आणि मोजे नियमित घालणे, यांनी डाग कमी पडतात. मिनोसायक्लिन ही मुरमांसाठीची गोळी चालू असेल तर सांगा, तिने काळपटपणा वाढू शकतो.

माझा स्वतःचा सल्ला असा की त्वचा सावळी असेल किंवा साध्या खरचटण्यानेही काळे डाग राहत असतील, तर पहिल्या बैठकीत तळहाताएवढाच भाग करून घ्या, तोही सहज झाकला जाणारा. दोन-तीन महिने थांबून आपली त्वचा कशी वागते ते बघा आणि मग पुढचे ठरवा. यात वेळ जातो खरा, पण दोन्ही पोटऱ्यांवर वर्षभर रेघा घेऊन वावरण्यापेक्षा ते परवडते.

कधी कधी टोचलेल्या जागेभोवती पूर्वी नसलेल्या अतिबारीक लाल शिरांचा पुंजका उगवतो. त्याला मॅटिंग म्हणतात. तो बऱ्याचदा तीन ते बारा महिन्यांत आपोआप विरतो. घाईने त्यावर पुन्हा जोरदार औषध मारले तर वाढतो.

क्वचित होणारे, पण गंभीर

औषध चुकीच्या जागी गेल्याने त्वचेचा छोटा भाग मरून जखम होऊ शकते. ती भरायला कित्येक आठवडे लागतात आणि व्रण राहतो. खोल शिरेत गुठळी होणे दुर्मीळ आहे, पण लक्षणे घरातल्या सगळ्यांना माहीत असावीत. पूर्ण पोटरी किंवा मांडी सुजणे, ताणल्यासारखी दुखणे, एकच पाय गरम लागणे, असे झाले तर त्याच दिवशी दाखवा. अचानक दम लागणे, छातीत कळ, खोकल्यातून रक्त, बोलताना जीभ अडखळणे, हातापायातली ताकद जाणे यांपैकी काहीही झाले तर फोनवर सल्ला विचारत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा सरळ रुग्णालय गाठा.

फेसाच्या इंजेक्शननंतर काही जणांना थोडा वेळ डोळ्यांसमोर चमकते, अंधुक दिसते किंवा अर्धशिशी उठते. साधारण चौघांत एकाच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांमध्ये जन्मतः बारीक छिद्र राहिलेले असते. त्यातून फेसाचे बुडबुडे पलीकडे जाऊ शकतात हे यामागचे एक कारण मानले जाते. तुम्हाला अशा छिद्राचे निदान झालेले असेल किंवा तीव्र अर्धशिशी असेल तर फेस देण्याआधी बोला.

तीव्र ॲलर्जी फार क्वचित होते, पण झाली तर मिनिटांचा प्रश्न असतो. म्हणून हे इंजेक्शन ब्यूटी पार्लरमध्ये किंवा घरी बोलावून घ्यायचे नाही. ॲड्रेनलिन हाताशी असलेल्या आणि ते वापरता येणाऱ्या डॉक्टरांकडेच घ्यावे. शिरांचे सर्जन, म्हणजे व्हॅस्क्युलर सर्जन, किंवा हा उपचार नियमित करणारे त्वचारोगतज्ज्ञ योग्य.

गरोदर स्त्रियांना हा उपचार देत नाहीत. स्तनपान चालू असेल तर शक्यतो पुढे ढकलतात. पायात ताजी गुठळी, त्वचेचा संसर्ग, अंथरुणाला खिळलेली अवस्था, औषधाची आधीची ॲलर्जी, पायाच्या रोहिण्यांमध्ये मोठा अडथळा, यांतही इंजेक्शन नको. गर्भनिरोधक गोळ्या, हार्मोन्सच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा घराण्यात कमी वयात गुठळ्या झाल्या असतील तर हे सगळे चिठ्ठीवर लिहून न्या. कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका.

मोजे, खर्च आणि तारखा

उपचारानंतर घालायचे कॉम्प्रेशन मोजे साधे नसतात. त्यांचा दाब बहुधा २० ते ३० मिलिमीटर पारा एवढा असतो आणि ते घोटा, पोटरी, मांडीचे माप घेऊनच घ्यावे लागतात. किती दिवस घालायचे यावर डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. काही जण दोन-तीन दिवस सांगतात, काही तीन आठवडे. मी दिवसा घालायला सांगते, पहिला आठवडा नक्की, आणि जमले तर तिसऱ्या आठवड्यापर्यंत. मधुमेह असेल किंवा चालताना पोटऱ्या भरून येऊन थांबावे लागत असेल तर मोज्यांआधी पावलांच्या नाडीची तपासणी हवी, कारण रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाला घट्ट मोजा इजा करतो. मे महिन्यात नागपुरात किंवा दमट मुंबईत हे मोजे घालणे किती कठीण जाते ते रुग्णच सांगतात. थंडीत उपचार सुरू केले तर मोजे खरोखर घातले जातात.

केवळ दिसण्यासाठी केलेला उपचार आरोग्य विम्यात साधारणपणे बसत नाही. गळतीमुळे होणाऱ्या व्हेरिकोज आजाराचे नियम वेगळे असतात आणि अनेक पॉलिसींमध्ये त्याला प्रतीक्षा कालावधी असतो. दर सहसा एका बैठकीचा सांगितला जातो, तेव्हा एकूण किती बैठकांचा अंदाज आहे ते आणि मोज्यांचा खर्च आधी विचारा.

शिरा घालवण्याचा दावा करणाऱ्या क्रीमने शिरा जात नाहीत. लेझर आहे, पण पायांच्या शिरांसाठी बहुधा इंजेक्शनच सरस ठरते. सुई जाणार नाही इतक्या बारीक शिरांसाठी किंवा सुईची फारच भीती असेल तर लेझरचा विचार होतो. आपल्या त्वचेवर त्यासाठी १०६४ नॅनोमीटरचे एनडी-यॅग लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित, तरी भाजल्याचे डाग पडू शकतात.

नीट बंद झालेली शीर सहसा पुन्हा उघडत नाही. नव्या शिरा मात्र येत राहतात, कारण अंगातला कल हे इंजेक्शन बदलत नाही. काही वर्षांनी पुन्हा एखादी बैठक लागली तर आधीचा उपचार फसला असे समजू नका.

आणि लग्नाचे म्हणाल, तर तारखेपासून उलटे मोजा. कार्य मे महिन्यात असेल तर तपासणी ऑक्टोबरमध्ये आणि पहिली बैठक नोव्हेंबरमध्ये करून घ्या. शेवटची बैठक आणि लग्न यांत तीन महिने तरी मोकळे ठेवा. एवढा वेळ हाताशी नसेल तर लग्न आटोपून, पुढच्या थंडीत या.